मोरीशेजारचा चौकोन

१

दर शनिवारी अर्धा दिवस भरला की दीक्षा खालापूरच्या कारखान्यातून सुटायची आणि भिसेगावच्या आपल्या फ्लॅटवर न जाता स्कूटर थेट कडावला, आईच्या दारात लावायची. आल्याबरोबर चपला काढायच्या आणि घर मोजायला लागायचं. आधी ओटी, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर. टेप वगैरे काही नाही, पावलांनी. एक पाऊल म्हणजे एक चौकोन.

“मोजून घर वाढणार हाय का गं?” गंगाबाई चुलीपुढून विचारायची.

“वाढणार नाय आये, बारीक होणार. तुझ्या पिशवीत मावंल एवढं.”

“तुझं आपलं कायतरीच,” असं म्हणून गंगाबाई खोकायची, आणि तो खोकला सुरू झाला की दोघींची थट्टा तिथेच संपायची.

घर मोजायचं कारण तो खोकलाच तर होता. गंगाबाईला दमा होता आणि कडावच्या घराच्या भिंतींना बारा महिने ओल होती. कर्जतच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, या घरात अजून एक पावसाळा काढला तर फुप्फुसं साथ देणार नाहीत. दीक्षाचा बाप, दामू, जाऊन दोन वर्षं झाली होती. फ्लॅट कोरडा होता, तळमजल्याचा होता, खिडकीत ऊन यायचं. पण गंगाबाई हलायचं नाव घेत नव्हती. आधी कोंबड्यांचं कारण, मग वालाच्या शेंगांचं, मग थंडीचं. शेवटी कारणं संपली तेव्हा एकदा वैतागून ती म्हणाली, “घर बरोबर येत असंल तर येते, जा.”

लेकीचं तोंड बंद करायला बोललेलं वाक्य ते. पण दीक्षा पडली दामूची पोर. तिने ते शब्दशः घेतलं.

२

दीक्षाला एक नाद होता, आणि तो तिच्या वयाच्या बाईला शोभत नाही असं कारखान्यातल्या बायकांचं एकमत होतं. ती गेम लिहायची. मोबाइलवरचे नाही. हातात मावणारं एक छोटं यंत्र असतं, तळहाताएवढी स्क्रीन, डावीकडे चार दिशांची बटणं, उजवीकडे दोन. त्याचा सगळा नकाशा, कुठला भाग कुठे जोडायचा ते, बनवणाऱ्यांनी खुला ठेवलेला. ज्याला सोल्डरिंगचा डाग देता येतो त्याने घरी जोडावं आणि ज्याला कोड लिहिता येतो त्याने त्यावर आपला गेम चालवावा. जगभर असे हौशी लोक आहेत, एकमेकांचे गेम खेळतात, चुका काढतात, शाबासकी देतात. खालापुरात दोनच होते. एक दीक्षा आणि दुसरा तिचा आयटीआयपासूनचा मित्र अझहर, ज्याचं बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. यंत्र त्याने जोडायचं, गेम हिने लिहायचा.

हा गेम म्हणजे कडावचं घर. त्यात जिंकणं नाही, हरणं नाही. जांभळ्या लुगड्यातली एक बाई फाटकापाशी उभी असते, बटण दाबलं की चालते. ओटीवर जाते, खुंटीवरची टोपली काढते, चूल पेटवते, कोंबड्यांना दाणे टाकते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि शेजारी बाबासाहेबांची. सोळा बाय सोळा ठिपक्यांत बाबासाहेबांचा चष्मा बसेना, तेव्हा त्या एका तसबिरीवर दीक्षाने अख्खा रविवार घालवला.

अशा कामाची एक रीत असते. गेम आधी कॉम्प्युटरवर चालवून बघायचा, तिथे यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम असतो. तिथे नीट चालला की मगच खऱ्या यंत्रावर चढवायचा. दीक्षाने कॉम्प्युटरवर तो गेम शंभर वेळा तरी चालवला असेल. घर रिकामं, फाटकापाशी आई. सगळं जिथल्या तिथे.

मग एका दुपारी अझहरच्या दुकानात तिने तो यंत्रावर चढवला. फाटक आलं, ओटी आली. जांभळी बाई मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात शिरली आणि दीक्षाचा अंगठा थांबला.

मोरीशेजारच्या कोपऱ्यात अजून एक बाई उभी होती, भिंतीकडे तोंड करून.

३

“हात्तिच्या,” अझहर म्हणाला. “मेमरी साफ केली नाहीस तू. नवशिक्यासारखी चूक केलीस यार.”

दीक्षाने जीभ चावली. खरंच होतं ते. गेममध्ये कोण कुठे उभं आहे याची एक यादी तिने ठेवली होती, आठ जागांची. पुढेमागे कोंबड्या, मांजर घालता येईल म्हणून. आई पहिल्या जागेवर. बाकी सात जागा तिने तशाच सोडल्या, कारण कॉम्प्युटरवर त्या आपोआप कोऱ्या असतात. खऱ्या यंत्राचं तसं नसतं. चालू केल्या क्षणी चिपमध्ये वाटेल ते आकडे पडलेले असतात, आणि साफ न करता यादी वाचली की त्या कचऱ्यातून असं कोणीतरी उभं राहतं. चित्र एकाच बाईचं काढलेलं, म्हणून दुसरीही आईसारखीच दिसत होती. पाठमोरी, जांभळी.

“पण कचरा असेल तर दर वेळी वेगळा हवा,” दीक्षा म्हणाली. तिने यंत्र बंद करून चालू केलं. सात वेळा केलं. सातही वेळा ती बाई त्याच चौकोनात होती.

“चिपची सवय असते. एकेका चिपमध्ये चालू करताना तेच तेच आकडे येतात. टेन्शन नको घेऊ.” अझहरने फळीवरून दुसरं यंत्र काढलं, तसंच जोडलेलं. “हे घे, यावर बघ.”

त्यावरही ती मोरीशेजारीच होती.

“एकाच खोक्यातल्या चिप आहेत ना,” अझहर म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला. “साफ करणारी ओळ टाक आणि मोकळी हो.”

एका ओळीचं काम होतं. दीक्षा लॅपटॉप उघडणारच होती, इतक्यात तिला आठवलं की आईला चार वाजता दाखवायचं कबूल केलंय. ओळ काय, उद्याही टाकता येईल.

४

गंगाबाईने यंत्र आधी उलटंच धरलं. मग चष्मा लावला, पदर खोचला आणि दोन्ही अंगठ्यांनी बटणं अशी दाबायला लागली, जणू वालाच्या शेंगा सोलते आहे.

“आगं, फाटक! आगं, हे तर आपलं जातं. तुझ्या बापाची खुर्ची पन हाय!” तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत. दीक्षाला वाटलं, पाच महिन्यांचं चीज झालं.

जांभळी बाई स्वयंपाकघरात गेली. गंगाबाईचा अंगठा थांबला, अगदी दीक्षाचा थांबला होता तसाच. पण चेहऱ्यावर नवल नव्हतं.

“घेतलंस का तिला पन,” ती हळूच म्हणाली. “बरं केलंस बाय.”

“कोणाला?”

 गंगाबाईने बटण दाबून बाईला चुलीकडे नेलं, मोरीशेजारच्या चौकोनाला वळसा घालून. मग यंत्र लेकीच्या हातात दिलं आणि म्हणाली, “टेंपो कवा सांगतेस? आता येते मी.”

दोन वर्षं जे होईना ते एका वाक्यात झालं. दीक्षाने पुढे काही विचारलं नाही, आणि ती ओळही टाकली नाही. खरं सांगायचं तर तिने जाणूनबुजून कानाडोळा केला. आईला कचऱ्यात कोणी दिसत असेल तर दिसू दे, तिचा श्वास तर वाचेल.

परत निघताना मात्र ती एकदा त्या कोपऱ्याकडे बघून आली. मोरीचा कठडा, शहाबादी फरशी, पोपडे धरलेली भिंत. लहानपणी तिकडे पाय करून बसलं की बाप ओरडायचा. ओल आहे, पाय धरतील, म्हणायचा. अख्ख्या घरात भिंतीभिंतीला खिळे होते. त्या कोपऱ्यात एकही नव्हता.

५

भिसेगावच्या फ्लॅटमध्ये पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे गेले. गंगाबाई खिडकीत उन्हाला बसायची, शेजारणींशी ओळख काढायची. फवारा मारायचं औषध चारावरून दोन वेळांवर आलं. दुपारी जेवण झालं की ती यंत्र घेऊन कॉटवर बसायची आणि घरात एक फेरी मारून यायची. “जरा कडावला जाऊन येते,” म्हणायची. दीक्षाला त्याचं हसू यायचं आणि मनही भरून यायचं.

त्याच दिवसांत तिने तो गेम हौशी लोकांच्या एका साइटवर टाकला. कौतुक झालं. कोणीतरी कोंबड्यांच्या चालीला दाद दिली. मग परदेशातल्या एका माणसाने लिहिलं: ‘घर फार आवडलं. स्वयंपाकघरातली दुसरी बाई भिंतीकडेच का बघते? तिच्याशी बोलता येतं का?’

दीक्षाने त्याला उलट विचारलं, तुमचं यंत्र कुठलं. त्याने वेगळंच सांगितलं. वेगळी चिप, वेगळा देश, स्वतःच्या हाताने जोडलेलं. अझहरला तिने तो निरोप दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि मोबाइलच्या पोटात स्क्रू ड्रायव्हर घालून उगाच काहीतरी फिरवत बसला.

“तुझ्याच कोडमध्ये असेल कुठेतरी,” शेवटी म्हणाला.

तिने ओळ न् ओळ तपासली. कोडमध्ये कोणी नव्हतं.

६

एका रविवारी दुपारी गंगाबाई झोपली होती. दीक्षा पांघरूण घालायला गेली. कॉट चांगली रुंद होती, पण आई पार कडेला, भिंतीला चिकटून निजली होती. उरलेल्या अर्ध्या कॉटवर चादर नीट ताणलेली आणि एक उशी.

यंत्र उशाशी चालूच होतं. दीक्षाने ते उचललं. जांभळी बाई मधल्या खोलीत होती. दुसरी मोरीपाशी नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती, अजूनही पाठमोरी, म्हणजे पाठ पुढे करून दोन चौकोन चालत आलेली.

गेममध्ये तिला चालवणारं काही लिहिलेलंच नव्हतं. 

आई उठल्यावर तिने चहा ठेवला आणि सरळ विचारलं. “आये, कोण आहे ती?”

गंगाबाईने बशीत चहा ओतला, फुंकला, पण प्यायली नाही. “मला काय ठावं? मी लगीन होऊन आले तवापासून हाय. तुझ्या आजीच्याबी आदीची असंल.”

“तू बघितलंस तिला?”

“बघाया कशाला लागतं गं? घरात मानूस हाय का नाय, ते कळतं का नाय आपल्याला?”

“आबांना माहीत होतं?”

यावर गंगाबाई कसनुशी हसली. दामू म्हणजे समाजमंदिरात उभा राहून भूतखेत, देवऋषी, उतारे यांच्यावर तासतास बोलणारा माणूस. त्याच्या बापाने छप्पन्न साली घरातले देव नदीला सोडले होते, आणि दामू पुढे कोणाच्या अंगात आलेलं कळलं की तिथे जाऊन पाण्याची बादली ओतायचा.

“आपल्यात असलं मानत नाय,” गंगाबाई म्हणाली. “मग बोलनार कसं? त्यो बोलला नाय, मी बोलले नाय. चाळीस वर्सं एका घरात ऱ्हायलो तिघं. त्यो गेला तवा मी एकदाच बोलले. तिला म्हनलं, आता आपुन दोघीच.”

दीक्षाला रडू आलं. भीतीने की आईच्या त्या चाळीस वर्षांच्या मुकेपणाने, तिचं तिलाच कळलं नाही.

७

सोमवारी कामावर जाताना दीक्षाने यंत्र आपल्या पिशवीत घातलं. कारखान्यातून येताना ती अझहरच्या दुकानात थांबली आणि तिथेच बसून ती ओळ लिहिली. यंत्र चालू होताक्षणी आठही जागा शून्य कर, मग आईला पहिल्या जागेवर उभं कर. जे काही पडलेलं असेल ते खोडून टाक. कुठलाही शहाणा माणूस पहिल्या दिवशीच लिहितो ती ओळ.

“हे आधीच करायला हवं होतं,” अझहर म्हणाला.

“हो,” दीक्षा म्हणाली. पण ते यंत्रावर चढवायचं बटण दाबायच्या आधी ती बराच वेळ बसून राहिली. तो कचरा असेल, तर कचरा साफ करायला एवढं धैर्य का लागावं? आणि कचरा नसेल, तर आपण हे काय करायला बसलोय? तिला बाप आठवला. तो असता तर एका क्षणात दाबलं असतं बटण, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तो बिनखिळ्याचा कोपरा आठवला आणि तेही खात्रीने सांगता येईना. शेवटी उंबऱ्यात उभी असलेली ती पाठ आठवली, आणि तिने बटण दाबलं.

यंत्र चालू झालं. फाटक, ओटी, मधली खोली, स्वयंपाकघर. मोरीशेजारी फरशीचा नुसता चौकोन होता. अझहरने सुस्कारा सोडला आणि दोघांना चहा सांगितला.

दीक्षा घरी पोचताच गंगाबाईने यंत्र मागितलं. फेरी मारली. मग दुसरी मारली. जात्यामागे बघितलं, कोंबड्यांच्या खुराड्याशी गेली, फाटकाबाहेर जाता येत नाही तिथे अंगठा दाबून धरला.

“कुठं गेली?”

“आहे की गं,” दीक्षा म्हणाली. “असेल आतच. यंत्रात कधी दिसतं, कधी नाय.”

गंगाबाईने लेकीकडे बघितलं. रोज सकाळी तसबिरींपुढे पंचशील म्हणणारी बाई ती. खोटं बोलणार नाही हे वचन तिने आयुष्यभर रोज दिलेलं. तिने यंत्र बंद केलं, उशीखाली न ठेवता टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “बरं.”

८

सकाळी दीक्षा आंघोळ करून आली तेव्हा कॉट रिकामी होती. औषधाची पिशवी होती, फवारा होता. कडावची किल्ली नव्हती. शेजारणीने सांगितलं, आजी तर सहाच्या सुमारास टमटममध्ये बसल्या.

फवारा नसेल तर आई एक दिवस काढू शकत नाही. दीक्षाने तो मुठीत घेतला आणि स्कूटर काढली. भाताची कापणी होऊन शेतं उघडी पडली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा वास येत होता. आई सापडली की रागवायचं नाही, नुसतं उचलून आणायचं, असं ती सबंध वाट स्वतःला बजावत होती.

कडावच्या घराचं दार सताड उघडं होतं. तीन आठवडे बंद असलेल्या घरात फरशीवर धूळ बसली होती, आणि धुळीत आईची पावलं ओटीवरून मधल्या खोलीत, तिथून स्वयंपाकघरात गेलेली.

गंगाबाई मोरीजवळ फरशीवरच बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. श्वास शिटीसारखा वाजत होता. दीक्षाने धावत जाऊन फवारा तिच्या तोंडाशी धरला. एकदा, दोनदा. छाती हळूहळू खाली बसली.

“आये, चल. उठ.”

“दार लाव आदी. तिला वारा सोसत नाय.”

दीक्षाने दार लावलं. का लावलं ते तिला सांगता आलं नसतं. परत येऊन ती आईच्या पलीकडे बसायला वाकली, तेवढ्यात गंगाबाईने तिचा हात घट्ट धरला.

“तिकडनं नको. पायावर पडशील तिच्या.”

दीक्षा तशीच वाकलेली राहिली. खिडकीतून येणाऱ्या उजेडात सगळी फरशी धुळीने पांढुरकी दिसत होती. फक्त आईशेजारी, कोपऱ्यात, एका माणसाला बसता येईल एवढी जागा काळीभोर होती. तिथे धूळ बसलीच नव्हती. आणि त्या जागेच्या कडेला, भिंतीपासून दूर, खोलीच्या बाजूला, पायांच्या दहा बोटांच्या टोकांएवढे ठिपके धुळीत उमटलेले होते.

म्हणजे जे कोणी होतं, ते आता भिंतीकडे तोंड करून बसलेलं नव्हतं.

“सकाळधरनं येकच इचारते,” गंगाबाई दमलेल्या आवाजात म्हणाली. “मला खोडलं कोनी, म्हनते. मी काय सांगू? मला ठाव नाय. आन् ठाव नसताना मी बोलनार नाय.”

दीक्षाने आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती ओळ, ते बटण, अझहरचं दुकान, काही नाही.

तिला पळावंसं वाटलं. आईला खांद्यावर टाकून, दार मोडून. पण आई जागची हलणार नव्हती, प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत तरी नाही, आणि फवाऱ्यात किती दम उरलाय ते हलवून बघण्याची दीक्षाची हिंमत होईना. आईला इथून न्यायचं असेल तर वाट एकच होती.

ती खाली बसली. पाय दुसऱ्या बाजूला घेतले. त्या कोऱ्या जागेकडे तोंड केलं आणि म्हणाली, “मी.”